पाठीमागची बाजू

लास वेगास कन्व्हेन्शन सेंटरमध्ये प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी ठरल्या वेळी समारोपाची घोषणा होते आणि हॉलभर टाळ्या वाजतात. टाळ्या वाजवणारे स्टॉलवालेच असतात. चार दिवस उभं राहून त्यांच्या पायांचे तुकडे पडलेले असतात. टाळ्या पुरत्या थांबायच्या आत मागच्या दारांतून माणसं आत शिरतात. कमरेला पट्टा, पट्ट्यात टेप, कटर, एलन कीचा जुडगा, पायात जड बूट. स्टॉलना ते हात लावत नाहीत. आधी दोन रांगांमधला गालिचा गुंडाळायला घेतात. गालिचा निघाल्याशिवाय फोर्कलिफ्ट आत येणार नाही, ती आल्याशिवाय रिकाम्या पेट्या येणार नाहीत आणि पेट्या आल्याशिवाय स्टॉलवाल्याला चहाचा कपसुद्धा भरता येणार नाही.

त्या घोळक्यात साठीला टेकलेला एक माणूस आहे. १९९४ पासून तो हेच काम करतो. लाखो लोक ज्या स्टॉलसमोर उभे राहून फोटो काढतात, त्यांची पुढची बाजू त्याला फारशी आठवत नाही. पाठीमागची बाजू मात्र अशी पाठ आहे की कुठल्या पॅनेलचा स्क्रू आखूड घालायचा, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक जुना संगणक आहे. त्यावर गेली जवळजवळ तीस वर्षं तो हाताने एक वेबसाइट लिहितो आहे.

तो टीमस्टर आहे. हा शब्द मूळचा घोडे किंवा खेचरं जुंपलेल्या मालगाड्या हाकणाऱ्यांचा. त्यांची संघटना १९०३ साली उभी राहिली आणि आज घोडे गेले, ट्रक आले, तरी तिच्या बोधचिन्हावर दोन घोड्यांची तोंडं टिकून आहेत. वेगासमध्ये तिची ६३१ क्रमांकाची शाखा प्रदर्शनांची कामं करते: माल उतरवणं, स्टॉल उभारणं, उतरवणं. वीज विजेवाल्यांच्या युनियनची, रंगमंच आणि दिवे रंगमंच-कामगारांच्या युनियनची. एकाच स्टॉलवर तीन युनियनची माणसं वावरतात आणि कुणाचा हात कशाला लागावा, हे करारात लिहिलेलं असतं.

काम सुरू होतं तेव्हा हॉलमध्ये काहीही नसतं. या इमारतीत प्रदर्शनाची जागाच सुमारे २५ लाख चौरस फूट आहे, म्हणजे सत्तावन्न एकर काँक्रीट. त्यावर पहिल्यांदा खडूच्या रेघा येतात. या व्यवहारातलं सगळ्यात लहान शेत दहा फूट बाय दहा फुटांचं; मोठे स्टॉल त्याच्याच पटीत. छताला टांगायच्या पाट्या जमीन मोकळी असतानाच चढतात, कारण नंतर उंच शिडीच्या गाड्यांना फिरायला जागा राहत नाही. मग विजेच्या तारा जमिनीवर चपट्या अंथरल्या जातात, त्यांच्यावर गालिचा, गालिच्यावर पातळ प्लास्टिक. त्या प्लास्टिकवरून चार दिवस बूट, चाकं आणि सांडलेली कॉफी जाते. उद्घाटनाच्या आदल्या रात्री ते टराटरा फाडून काढतात आणि खाली आजच विणल्यासारखा गालिचा निघतो.

मालाचीही शिस्त असते. ट्रक थेट हॉलच्या फलाटाला लागत नाहीत. आधी दूरच्या वाहनतळावर नंबर लावतात आणि बोलावणं आल्यावर पुढे सरकतात. हॉलच्या पोटातल्या स्टॉलना आधीची तारीख, दाराजवळच्यांना शेवटची; उलटं झालं तर दारातच बूच बसेल. पेटी उघडून रिकामी झाली की तिच्यावर ‘रिकामी’ अशी चिठ्ठी आणि स्टॉलचा क्रमांक चिकटवायचा आणि ती गोदामात पाठवायची. चिठ्ठीवरचा आकडा घाईत चुकला, तर शेवटच्या रात्री कुणीतरी आपल्या पेटीची वाट पाहत गुडघ्यांवर डोकं टेकवून बसलेला असतो. असे लोक त्याने पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून आकडा लिहून झाला की तो मोठ्याने वाचतो, एकटा असला तरी.

स्टॉलवाल्यांचा राग या माणसांवर निघतो, आणि त्याला कारणही असतं. फलाटापासून स्टॉलपर्यंत माल नेणं, रिकाम्या पेट्या सांभाळणं आणि परत आणून देणं, याचं बिल वजनावर लागतं. एकक शंभर पौंड, म्हणजे साधारण ४५ किलो. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला माल आणायला लागले त्यापेक्षा शेवटच्या तीनशे फुटांना जास्त पैसे लागले, ही तक्रार प्रत्येक प्रदर्शनात कानावर येते. बिल कंत्राटदार कंपनी करते. त्यात यंत्रं, गोदाम, नफा, मजुरी सगळं आलं. पण स्टॉलवाल्याला समोर दिसतो तो फोर्कलिफ्टवरचा माणूस. शिकागोच्या मॅकॉर्मिक प्लेसमध्ये हे भांडण इतकं पेटलं की काही मोठी प्रदर्शनं शहर सोडून निघाली आणि २०१० मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने कामाचे नियमच कायद्याने बदलले. युनियन कोर्टात गेल्या. २०११ मध्ये तडजोड झाली आणि स्टॉलवाल्यांना स्वतःच्या हातांनी बरंच काही करायची मोकळीक मिळाली.

या धंद्यात कायमचा मालक नसतो. आज या कंत्राटदाराचं काम, परवा त्या. काम युनियनच्या यादीतून येतं आणि यादीत वर असलेल्याला आधी बोलावणं जातं. मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. मालक अनेक, काम आज आहे उद्या नाही, अशा हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला आणि टोळ्यांची नोंदणी व मजुरीचा हिशेब मंडळाकडे दिला. वेगासमध्ये असं सरकारी मंडळ नाही; युनियन आणि कंपन्यांचा करारच ती जागा भरतो. शिवाय नेवाडा राज्यात नोकरीसाठी युनियनचं सभासद असण्याची सक्ती १९५० च्या दशकापासून करता येत नाही. म्हणजे वर्गणी भरणारा आणि न भरणारा एकाच कराराखाली, एकाच पॅनेलची दोन टोकं धरून उभे असतात. जेवणाच्या सुट्टीत त्यावरून कुरबुर होते. पॅनेल उचलताना होत नाही.

उत्पन्न प्रदर्शनांच्या पंचांगावर चालतं. जानेवारीत इलेक्ट्रॉनिक्सचं सीईएस आणि काँक्रीटवाल्यांचं प्रदर्शन, एप्रिलमध्ये प्रसारणवाल्यांचं, नोव्हेंबरमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचं. या दिवसांत रविवार कधी आला ते कळत नाही. संध्याकाळनंतर आणि सुट्टीच्या दिवशी दर चढतो, म्हणून कुणी तक्रारही करत नाही. मधले आठवडे मात्र कोरडे. घरी बसायचं, फोनकडे बघायचं, विम्यासाठी तास भरताहेत का ते मोजायचं.

वेबसाइट जन्मली ती याच कोरड्या आठवड्यांत. बी मात्र कामावर पडलं.

१९९५ चा नोव्हेंबर. तेव्हा वेगासमधलं संगणकांचं सगळ्यात मोठं प्रदर्शन म्हणजे कॉमडेक्स. तो एका स्टॉलची शेवटची पॅनेलं लावत होता आणि कंपनीचा एक तरुण इंजिनिअर संगणक जोडून पाहत होता. पडद्यावर एक पान उघडलं होतं. या माणसाने सहज विचारलं, हे कशाने बांधलंय? इंजिनिअरने मेनूतून ‘सोर्स पाहा’ निवडलं आणि पानाची पाठ समोर आली: टोकदार कंसांतले शब्द, एक उघडणारा, एक बंद करणारा. स्टॉलच्या मागे उभं राहिल्यावर दिसतं, तसंच. पुढे गुळगुळीत भिंत, मागे फळ्या, बिजागऱ्या आणि क्रमांक.

त्याला स्टॉल उभारायला कुणी शिकवलं नव्हतं. तो ते उतरवताना शिकला. नव्या माणसाला पहिल्यांदा मोडायच्या कामावर धाडतात, कारण तिथे चूक स्वस्त पडते. दोन पॅनेलं एकमेकांत अडकवणारी आतली कडी एलन कीच्या कितव्या फेऱ्याला सुटते, कुठली भिंत कुठल्या भिंतीच्या जोरावर उभी आहे, कुठला खांब निव्वळ शोभेचा आहे, हे मोडतानाच कळतं. वेबही त्याने तशीच शिकली. आवडलेलं पान उघडायचं, पाठ पाहायची, सगळं नोटपॅडमध्ये उतरवून घ्यायचं आणि एकेक ओळ काढत जायचं. ज्या ओळीला पान कोसळेल, ती भाराची.

त्या काळी पानाची मांडणी टेबलांनी करत. टेबल हे खरं म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांसाठी, पण लोकांनी त्याच्या ओळी आणि रकाने वापरून अख्खी पानं उभी केली. रिकामी जागा धरून ठेवायला एका ठिपक्याएवढं पारदर्शक चित्र ताणून बसवायचे. हॉलचे नकाशे वाचणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं नाही. एकदा एका रकान्याचा बंद करणारा शब्द राहिला आणि उजवीकडचा सगळा मजकूर घसरत तळाला जाऊन बसला. दोन रात्री चूक सापडेना. शेवटी त्याने पान कागदावर छापलं आणि दहा-बाय-दहाच्या नकाशावर मारतात तशी पेन्सिलची खूण करत, उघडलेला प्रत्येक शब्द बंद झालाय का ते पाहिलं. सत्तेचाळिसाव्या ओळीवर चूक निघाली.

जागा मिळाली जिओसिटीजवर. १९९४ मध्ये सुरू झालेली ही सेवा फुकट होती आणि तिने आपल्या पानांच्या वस्त्या पाडल्या होत्या: संगणकवाल्यांची सिलिकॉन व्हॅली, रॉक संगीताची सनसेट स्ट्रिप. वस्तीत घर घेतल्यासारखा क्रमांक मिळायचा. त्याच्या पहिल्या पानावर, तेव्हाच्या बहुतेक पानांसारखं, फावडं मारणाऱ्या कामगाराचं हलतं चित्र होतं: ‘काम चालू आहे’. शाखेतल्या सोबत्यांना त्याचं फार हसू आलं. हा माणूस घरी जाऊनही ओव्हरटाइम करतो म्हणाले.

साइटवर काय आहे? धंद्यातल्या शब्दांचा कोश. पट्ट्यात काय बाळगावं याची यादी. नव्या माणसाला पहिल्या दिवशी कुठल्या दाराने आत जायचं ते. आणि सगळ्यात मोठा विभाग ‘पाठीमागची बाजू’: पेट्यांवरचे शिक्के, जमिनीवरच्या खडूच्या खुणा, पॅनेलांच्या पाठीवर आधीच्या टोळ्यांनी पेन्सिलने लिहून ठेवलेल्या सूचना. गिऱ्हाइकाच्या मालाचा फोटो तो घेत नाही. तो नियम आहे आणि त्याला तो मान्यही आहे. कन्व्हेन्शन सेंटरच्या १९५९ मध्ये उघडलेल्या मूळ इमारतीचा चंदेरी घुमट १९९० मध्येच पाडला गेला, त्याने तो कधी पाहिला नाही. जुन्या माणसांकडून ऐकून त्याने त्याच्या आतल्या वाटांचं एक पान केलं आहे. फोटो एकही नाही, फक्त आखलेला नकाशा.

वेबवरचंही एक प्रदर्शन उतरलं. १९९९ मध्ये याहूने जिओसिटीज विकत घेतली होती. २००९ च्या एप्रिलमध्ये ती बंद होणार असं जाहीर झालं आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतली पानं गेली. काही स्वयंसेवकांनी बंद होण्याआधी हाती लागतील तेवढी पानं उतरवून जपून ठेवली. त्याला मात्र कुणाच्या मदतीची गरज पडली नाही. शेवटचा दिवस ठरलेला असतो आणि पेट्या आधी मागवून ठेवायच्या असतात, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. ऑगस्टमध्येच सगळी पानं घरच्या संगणकावर आली होती. मग महिना काही डॉलर देऊन भाड्याची जागा घेतली.

२०२० च्या मार्चमध्ये बांधकाम यंत्रांचं अवाढव्य प्रदर्शन एक दिवस आधीच आवरलं आणि त्यानंतर हॉलला कुलूप लागलं. जानेवारी २०२१ चं सीईएस संपूर्ण ऑनलाइन झालं. आपल्याला हाकलून प्रदर्शन वेबसाइटवर गेलं, असं एका सोबत्याने त्याला फोनवर ऐकवलं, जणू गुन्हेगार हाच. त्या महिन्यांत त्याने जुनी टेबलं काढली. २०१७ मध्ये ब्राउझरांनी ‘ग्रिड’ नावाची मांडणीची पद्धत स्वीकारली होती. तिच्यात रेघा आधी आखायच्या आणि मजकूर नंतर आणून ठेवायचा. थोडक्यात, खडू आधी आणि पेट्या मागाहून. शंभरावर पानं त्याने नव्याने बांधली. जून २०२१ मध्ये काँक्रीटच्या प्रदर्शनाने नवा वेस्ट हॉल उघडला, तेव्हा तो पहिल्या पाळीला होता.

आता तो दुसऱ्यांच्या पानांची पाठ क्वचित पाहतो. बहुतेक ठिकाणी मागे यंत्राने दाबून बसवलेला, मोकळी जागाही न सोडलेला मजकूर असतो. माणसाला वाचता येणार नाही असा. स्टॉलही बदलत आहेत. ॲल्युमिनियमची चौकट आणि तिच्या खाचेत ताणून बसवलेलं छापील कापड. उभं राहतं झटपट आणि उतरतंही झटपट. कापडाच्या पाठीवर मात्र पेन्सिल उमटत नाही.

या खेपेला सुताराच्या हातचा एक जुना स्टॉल आला होता. रात्री साडेअकराला त्याने शेवटची कडी सोडवली आणि पॅनेल उलटं केलं. पाठीवर दोन हस्ताक्षरं होती. एक अनोळखी: ‘खालचा स्क्रू आखूड, लांब घातलास तर पुढून बाहेर येईल.’ दुसरं त्याचं स्वतःचं, आठ वर्षांपूर्वीचं: ‘खरं आहे.’ त्याने फोटो घेतला, पॅनेल पेटीत सरकवलं, क्रमांक मोठ्याने वाचला.

घरी पोचायला दीड वाजला. फोटो ‘पाठीमागची बाजू’ मध्ये लावून झाला, उघडलेला प्रत्येक शब्द बंद झाला. मग त्याने एक ओळ अशी लिहिली, जी पानावर दिसत नाही. पान उलटं करून बघेल त्यालाच सापडेल: ‘खालच्या तीन ओळींना हात लावू नकोस, नकाशा त्यांच्यावर उभा आहे.’ त्याने फाइल जपून ठेवली आणि सकाळचा गजर लावला. सात वाजता पुढच्या प्रदर्शनाच्या रेघा मारायच्या होत्या.