गंज उतरवणारी बादली

लोखंडावरचा गंज आणि जुना रंग विजेने उतरवायला कारखाना लागत नाही. प्लास्टिकची बादली, धुण्याचा सोडा, सळईचे दोन-तीन तुकडे आणि 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर एवढ्यात काम भागते. शाळेच्या पुस्तकातल्या विद्युत अपघटनाचाच हा घरगुती प्रयोग.

शीळफाट्याला हा प्रयोग शोभतो. मुंब्रा-पनवेल रस्त्याला कल्याणचा आणि महापेचा रस्ता जिथे मिळतो, त्या शीळ-डायघर पट्ट्यात भंगाराची गोदामे आहेत. जवळच खाडी आणि वर चार महिन्यांचा पाऊस, म्हणजे उघड्यावरच्या लोखंडाचे व्हायचे तेच होते. पण वरून तांबडा लगदा झालेल्या वाईसचा किंवा बिडाच्या तव्याचा गाभा बहुधा शाबूत असतो.

पाण्यात लिटरला चमचाभर सोडा विरघळवतात. वस्तूचा एक कोपरा घासून चकचकीत करतात, कारण गंजातून वीज धड जात नाही. तिथे तांब्याची तार आवळून ती चार्जरच्या ऋण टोकाला जोडतात. सळया धन टोकाला जोडून बादलीच्या कडेने उभ्या करतात. वस्तू आणि सळया एकमेकांना टेकू द्यायच्या नाहीत. सळई एकाच बाजूला असेल तर वस्तूची तीच बाजू आधी साफ होते, म्हणून ती चहूबाजूंनी असलेली बरी. नवे 'स्मार्ट' चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत; जुना, साधा चार्जर इथे अधिक उपयोगी.

बटण दाबताच वस्तूवरून हायड्रोजनचे बारीक बुडबुडे उठतात. गंजाचे पुन्हा लोखंड होते असे सांगितले जाते, त्यात फारसे तथ्य नाही. तांबड्या गंजाचा काही भाग काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, बुडबुडे त्याची पकड सैल करतात आणि उरलेले काम ब्रशचे. तेलरंगाला आधी सोड्याचा क्षार मऊ करतो, मग त्याखालून बुडबुडे पापुद्रे उचलतात. पावडर कोटिंग मात्र सहसा दाद देत नाही.

या पद्धतीचा खरा गुण सावकाशीत आहे. आम्ल गंज खाऊन झाला की लोखंडाला लागते. ग्राइंडर तर दोन्हींत भेदच करत नाही. ऋण टोकाचे लोखंड विरघळत नाही, त्यामुळे पाना रात्रभर बादलीत राहिला तरी त्यावरचे कोरीव आकडे जसेच्या तसे राहतात. समुद्रातून काढलेल्या लोखंडी तोफाही संग्रहालयांच्या प्रयोगशाळांत अशाच सौम्य प्रवाहावर महिनोन्महिने ठेवल्या जातात. तारा उलट जोडल्या मात्र की झिजण्याची पाळी पान्यावर येते.

धोके थोडे, पण ठळक आहेत. 2 अँपिअर प्रवाह 10 तास चालला तर सुमारे 9 लिटर हायड्रोजन निघतो. उघड्या गॅलरीत तो उडून जातो. झाकण घातलेल्या पिंपात एक ठिणगी पुरते. म्हणून वस्तू काढण्यापूर्वी चार्जर भिंतीवरच बंद करायचा. सोड्याऐवजी मीठ घातले तर क्लोरीन सुटू शकतो. सळईच्या जागी स्टीलचा चमचा वापरणे ही त्याहून वाईट काटकसर, कारण स्टेनलेस स्टीलमधून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. ॲल्युमिनिअम आणि जस्ताचा मुलामा या क्षारात टिकत नाहीत. कडक पोलादाच्या स्प्रिंगमध्ये हायड्रोजन शिरून ती ठिसूळ होते. ब्रेकचे किंवा भार पेलणारे भाग या बादलीत घालूच नयेत.

नुसत्या गंजाचा तांबूस गाळ निरुपद्रवी असतो. रंगाच्या गाळाचे तसे नाही. भारतात घरगुती रंगातील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे भरपूर असू शकते. तो गाळ गटारात न ओतता गाळून, सुकवून वेगळा ठेवावा लागतो.

बादलीतून निघालेली वस्तू काळपट दिसते. ती धुऊन, घासून लगेच कोरडी करावी लागते, कारण उघडे पडलेले लोखंड दमट हवेत पाहता पाहता पुन्हा तांबूस होते. हत्याराला मशीनचे तेल, बिडाच्या तव्याला खायचे तेल लावून मंद आच. गंजाने पडलेले खड्डे मात्र तसेच राहतात.