शहराचा केरकचरा व शेतकऱ्याचे हित

शहरातील रस्त्यांच्या साफसफाईचा विषय शेतकीच्या मासिकात कशासाठी, असा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांच्या मनात येईल. झाडलोट करणे हे नगरपालिकेचे काम, त्यासाठी कर भरणे हे शहरवासीयांचे काम, आणि आपला संबंध काय तो बाजारच्या दिवसापुरता, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत खरी नाही, हे दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे. शहराच्या रस्त्यावर जे पडते त्यातील बराच मोठा भाग आपल्याच शेतातून गेलेला असतो. आणि रस्त्यावरून जे उचलले जाते ते बहुधा आपल्याच गावाच्या शिवेवर येऊन पडते. या व्यवहाराची दोन्ही टोके शेतकऱ्याच्या दारात आहेत. मधला भाग तेवढा शहराचा.

खेड्यात कचरा म्हणून काही वस्तू पूर्वी नव्हतीच म्हटले तरी चालेल. गोठ्यातील शेण व गव्हाणीतील उष्टा चारा, चुलीतील राख, अंगणातील केर, हे सर्व उकिरड्यावर जाई व मृगापूर्वी शेतात पडे. इतकेच नव्हे, तर जुन्या ओस गावठाणाची पांढरी मातीदेखील आपले वाडवडील खणून गाड्यांनी शेतात नेत. कारण शेकडो वर्षांच्या वस्तीची राख, शेण व केर तीत मुरलेला असतो, हे त्यांस पुस्तकावाचून ठाऊक होते. काळीने पांढरीस पोसावे व पांढरीने काळीचे देणे फेडावे, असा हा जुना हिशेब होता.

शहरांतही हा हिशेब अगदीच अज्ञात नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सोनखत मुठा कालव्याखालील ऊसवाले बागाईतदार दाम देऊन नेत असत. चीन देशाची गोष्ट तर लक्षात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेतील किंग नावाच्या शेतकी-पंडितांनी १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लिहून ठेविले आहे की, शांघाय शहराच्या परकीय वस्तीने १९०८ साली आपल्या हद्दीतील मैला उचलण्याचा हक्क एका चिनी मक्तेदारास दिला, आणि त्या ७८ हजार टनांबद्दल शहरास ३१ हजार डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. घाण नेण्यासाठी शहराने पैसे मोजावयाचे नाहीत, उलट नेणाऱ्याने शहरास द्यावयाचे. कारण ते नेणारा ते पुढे शेतकऱ्यास विकीत असे.

आपल्या देशात या विद्येस शास्त्राचे रूप मिळाले ते इंदूर येथे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी तेथील शेतकी संशोधन-संस्थेत यशवंत वाड यांच्या साहाय्याने काडीकचरा, शेण, मुताची माती व राख यांचे थर देऊन खत करण्याची रीत बसविली व १९३१ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ढीग ओला राहावा पण चिंब होऊ नये, हवा खेळावी म्हणून तो दोन-तीन वेळा उलटावा, आणि सुमारे तीन महिन्यांत खत हाती यावे, असा तिचा सारांश. पुढे १९३९ च्या सुमारास बंगलोर येथे डॉ. आचार्य यांनी शहरांसाठी दुसरी रीत काढली. तीत चरात केर व मैला यांचे थर आळीपाळीने देऊन वरून माती झाकतात. ढीग उलटावा लागत नाही, परंतु खत पिकण्यास सहा ते आठ महिने लागतात.

मग असे सोन्यासारखे खत सोडून शहरांभोवती कचऱ्याचे डोंगर का उभे राहिले? याचे मुख्य कारण कचरा वाढला हे नव्हे. कचरा एकात एक मिसळला, हे होय. शहराच्या कचऱ्यातील सुमारे निम्मा भाग आजही कुजणारा आहे: भाजीचा पाला, फळांच्या साली, उरलेले अन्न. परंतु त्याच बादलीत प्लॅस्टिकच्या पिशव्या, फुटकी काच, औषधांच्या बाटल्या, विजेरीचे सेल व रंगांचे डबे पडतात. एकदा मिसळल्यावर निवडणे महाग व किळसवाणे होते, आणि निवडल्यावाचून केलेले खत शेताच्या कामाचे राहत नाही. सेलांतून शिसे, पारा, कॅडमियम असली विषे त्यात उतरतात. पिशव्यांचे तुकडे नांगराच्या फाळास गुंडाळतात, पाणी मुरू देत नाहीत व वर्षानुवर्षे कुजत नाहीत. रस्त्यावरच्या पिशवीत खरकटे बांधून टाकले की मोकाट गाय ते पिशवीसकट गिळते, आणि पोटात गोळा होऊन तडफडून मरते. ज्याच्या दावणीचे जनावर जाते त्यालाच या पिशवीची खरी किंमत कळते.

मिसळलेला हा माल शहरास नको असतो, म्हणून तो शिवेबाहेर जातो. महसुली दप्तरात आमची हयात गेली, त्या अनुभवावरून सांगतो की, अशा कामास जागा पाहिजे असली म्हणजे सर्वांची नजर प्रथम गावच्या गायरानाकडे वळते. कारण तेथे भूसंपादनाची रक्कम द्यावी लागत नाही व तक्रार करणारा एकटा खातेदार नसतो. मुंबईचे देवनार येथील कचऱ्याचे मैदान १९२७ पासूनचे. तेथे २०१६ च्या जानेवारीत लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली. पुण्याचा कचरा उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या हद्दीत पडू लागला. विहिरींचे पाणी बिघडल्याची ओरड गावकरी वर्षानुवर्षे करीत आले, व २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोस आग लागल्यावर त्यांनी गाड्या अडविल्या. औरंगाबादेजवळच्या नारेगावकरांनी २०१८ च्या फेब्रुवारीत तेच केले, तेव्हा शहराच्या रस्त्यांवर कचऱ्याच्या राशी साचल्या व पुढे मिटमिटा येथे गाड्यांवर दगड पडण्यापर्यंत मजल गेली. कचऱ्याच्या ढिगातून पावसात झिरपणारे काळे पाणी सातबाऱ्याच्या हद्दी ओळखत नाही. ते जमिनीखालून शेजारच्या विहिरीत जाते. अशा वेळी कुणबी रस्त्यावर आला तर त्यास आडमुठा म्हणणे अन्यायाचे होईल.

तथापि गाड्या अडवून प्रश्न सुटत नाही, तो जागा बदलतो. तो सुटावयाचा असेल तर शहराच्या घरात व रस्त्यावरच सुटला पाहिजे, आणि तो सुटू शकतो, याची दोन उदाहरणे आमच्या शेजारीच आहेत.

पहिले सुरतेचे. खानदेशातील हजारो माणसे तेथे पोटासाठी गेलेली असल्याने ते शहर आपणांस परके नाही. १९९४ च्या सप्टेंबरात पुरानंतर तेथे प्लेगाची साथ उठली व लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाले. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला तेव्हाची दशा ज्यांनी वाडवडिलांकडून ऐकली होती, त्यांस तीच पुन्हा दिसली. उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात, आणि उंदीर पोसला जातो तो रस्त्यावरील उकिरड्यावर. पुढच्याच वर्षी, १९९५ साली, एस. आर. राव हे तेथे आयुक्त म्हणून आले. त्यांनी नवे यंत्र आणले नाही की नवा कायदा केला नाही. शहराचे सहा भाग करून प्रत्येक भागाच्या अधिकाऱ्यास अधिकार दिले, सर्व अधिकाऱ्यांस रोज सकाळी कचेरी सोडून रस्त्यावर जाण्यास लाविले, मोठे रस्ते रात्री झाडण्याची व्यवस्था केली, आणि घाण करणाऱ्या हॉटेलवाल्यांस दंड करताना लहानमोठा पाहिला नाही. दोन वर्षांच्या आत देशातील स्वच्छ शहरांत सुरतेचे नाव घेतले जाऊ लागले. वरिष्ठ स्वतः जागेवर गेला म्हणजे कनिष्ठाचे काम आपोआप नीट होते, हे पाहणीपत्रक भरणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

दुसरे उदाहरण पुन्हा इंदूरचेच. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छतेची जी मोहीम सुरू केली, तिच्या पाहणीत होळकरांचे हे शहर २०१७ पासून वर्षामागून वर्ष पहिले येत गेले. तेथे रस्त्यावरच्या कचरापेट्या काढून टाकल्या. कारण पेटीभोवतीच उकिरडा होतो. गाडी दारोदार जाते व ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घेते. ओल्या कचऱ्यासाठी देवगुराडिया येथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी एक कारखाना सुरू झाला. रोज ५५० टन माल घेऊन त्यापासून सुमारे १७ हजार किलो जळाऊ वायू व १०० टन खत काढावे, अशी त्याची योजना आहे. ज्या गावात हॉवर्ड व वाड यांनी कंपोस्टाची रीत शिकविली, त्याच गावाने ती शहराच्या मापाने करून दाखवावी, हा योग मोठा समाधानाचा आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या समाजात घाण करणारा एक व ती काढणारा दुसरा, अशी वाटणी जन्मावरून ठरलेली होती, आणि तिचे अवशेष अद्याप गेलेले नाहीत. रस्ता आपला नाही व झाडू आपल्या हाती शोभत नाही, या दोन समजुती एकाच मुळाच्या आहेत. श्रीसंत गाडगे महाराज गावात येत ते खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडीत व रात्री कीर्तनात लोकांची मने झाडीत. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैला उचलण्याचे काम स्वतःच्या हाताने केले व त्यापासून खत करून दाखविले. हाताने मैला उचलविणे १९९३ व पुन्हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली, आणि तिच्यातून निघालेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. जिला लोक उकिरडा उपसणारी म्हणत, ती बाई या संस्थेत भागीदार झाली. सहकाराचा हा धडा आपल्या सोसायट्यांनीही घेण्याजोगा आहे.

शहरास उपदेश करण्यापूर्वी आपण आपले कर्तव्य पाहू. या बाबतीत आमच्या सूचना अशा आहेत :

(१) बाजाराच्या आवारात आपण भाजी सोलतो, पाला व सडका माल तेथेच टाकतो व रिकाम्या गाडीने परत येतो. शक्य तो फाजील पाला शेतातच काढून माल न्यावा. तो पाला आपल्या जमिनीचे अन्न आहे. फडक्याची पिशवी व गोणी बरोबर ठेवावी. राज्यात २०१८ सालीच पातळ पिशव्यांस बंदी झाली. ती मोडण्यास आपला हात लागू नये.

(२) 'फुकट खत' म्हणून कोणी मिसळलेला कचरा शेतात आणून टाकू लागल्यास घेऊ नये. एका हंगामाचा फायदा दिसेल, पण काच व प्लॅस्टिक नातवांपर्यंत वेचावे लागेल. कच्चा कचरा जमिनीत गाडल्यास कुजताना तो पिकाचाच नत्र ओढून घेतो, हेही ध्यानात असावे.

(३) शहरी कंपोस्ट विकत घेताना तपासणीचा दाखला मागावा. खत नियंत्रण आदेशात त्याचे प्रमाण ठरविलेले आहे. कर्ब-नत्राचे गुणोत्तर २० च्या आत पाहिजे व विषारी धातूंस मर्यादा आहे. घरची परीक्षा अशी : पिकलेल्या खतास पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो; हात घातला तर ऊन लागत नाही; मूठभर खत ओले करून झाकून ठेविले तर पुन्हा तापत नाही. चाळणीवर प्लॅस्टिक राहिले, तर माल परत करावा.

(४) जवळच्या नगरपालिकेशी एकेकट्याने न बोलता सोसायटीने करार करावा. फक्त भाजीबाजार व मंडईतील निवडलेला ओला माल घेऊ, मिसळलेला एकही ट्रक घेणार नाही, ही अट लेखी असावी. २०१६ साली केंद्र सरकारने शहरी कंपोस्टाच्या विक्रीस टनामागे १,५०० रुपयांचे साहाय्य ठरविले होते, तरी खप बेताचा राहिला. कारण शेतकऱ्याचा मालावर विश्वास नव्हता. विश्वास बसेल तो अशा अटीनेच.

(५) गावाच्या हद्दीत कचऱ्याची जागा मागितली गेल्यास ग्रामसभेने तोंडी हरकत घेऊन थांबू नये. २०१६ सालच्या नियमांनी अशा जागेस नदीपासून १०० मीटर, आणि तळे, वस्ती, महामार्ग व पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून २०० मीटर अंतर घालून दिले. पुढील दुरुस्त्यांसह नियमांची प्रत दप्तरी असावी, मोजणीचा नकाशा जोडावा व हरकत मुदतीत लेखी देऊन पोच घ्यावी. वेळेवर दिलेला एक कागद नंतरच्या दहा मोर्च्यांहून अधिक काम करतो.

(६) आपल्याच गावाच्या वेशीवर, ओढ्याच्या काठी, हल्ली पिशव्यांचा खच पडलेला दिसतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पिशव्यांनी तुंबलेल्या गटारांनी संकटात भर घातली. आपला ओढा तुंबला तर बांध फुटेल तो आपलाच.

मातीने दिलेले मातीस परत गेले तर ते खत, आणि वाटेत अडून राहिले तर ती घाण. शहरवाल्याने आपल्या स्वयंपाकघरात दोन बादल्या ठेवाव्यात, एवढीच आमची त्याच्याकडे मागणी आहे. एका बादलीचा माल आम्ही आनंदाने घेऊ. परंतु ही मागणी करण्याचा अधिकार आपणांस आपला उकिरडा, आपली वेस व बाजारातील आपली जागा नीट ठेवूनच मिळवावा लागेल. येत्या वार्षिक सभेत प्रत्येक सोसायटीने चौथ्या सूचनेचा विचार करून एखाद्या लहान नगरपरिषदेशी एका हंगामापुरता तरी प्रयोग करून पाहावा, व त्याचा जमाखर्च या मासिकाकडे पाठवावा, अशी सर्व वाचकांस आमची विनंती आहे.