अलिबागची शांतता आणि भूकंपाची चाहूल

मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावू लागली, पण तिची चाहूल लागताच कुलाब्याच्या वेधशाळेने आपला चुंबकीय नोंदींचा संसार हलवायला घेतला होता. १८४०च्या दशकापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या नोंदी होत होत्या. ट्रामचा वीजप्रवाह जमिनीत झिरपणार आणि त्या नोंदी नासवणार, हे उघड होते. संचालक नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. बांधकामाला पोरबंदरचा दगड आणला, कारण त्यात चुंबकत्व नाही. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. जुन्या आणि नव्या मोजमापांचा सांधा नीट जुळल्यावरच कुलाब्याचे काम थांबले.

भूकंपाच्या लेखात ट्राम कशाला, असे वाटेल. पण भूकंपाआधी जमीन विद्युतचुंबकीय संकेत देते का, या प्रश्नाचा सगळा गुंता त्या ट्राममध्येच आहे.

आता कॅलिफोर्नियात जाऊ. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अँटनी फ्रेझर-स्मिथ अतिशय मंद विद्युतचुंबकीय लहरींचा अभ्यास करत होते. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ‘बार्ट’ या विजेच्या रेल्वेमुळे अशा लहरींचा केवढा गोंगाट होतो, हे त्यांनीच १९७०च्या दशकात दाखवले होते. त्यांचे एक यंत्र शहरापासून दूर, कोरालितोस नावाच्या गावी होते. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी लोमा प्रिएटाचा ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. ६३ माणसे गेली. केंद्र यंत्रापासून अवघे ७ किलोमीटर होते. नंतर नोंदी उलगडल्या, तेव्हा दिसले की ५ ऑक्टोबरपासून लहरींची पातळी चढलेली होती, आणि भूकंपाच्या तीन तास आधी ती एकदम उसळली होती.

तीन तास! तेवढ्या वेळात शाळा रिकाम्या होतात, पूल बंद करता येतात, दवाखान्यातले रुग्ण मोकळ्यावर आणता येतात. १९९० साली हा शोधनिबंध छापून आला आणि जगभर चुंबकमापक जमिनीत पुरले जाऊ लागले. मला त्या उत्साहाचे नवल वाटत नाही. कोणालाही तसेच वाटले असते.

खडक विजेची भाषा बोलू शकतो, यात शंका नाही. अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्यावर पडणारा उजेड आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिला आहे. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. त्यावर दाब आला की विद्युतभार तयार होतो. खडकाच्या भेगांतून पाणी ढकलले गेले, तरी सूक्ष्म प्रवाह वाहतो. शास्त्रज्ञ फ्रीडेमान फ्रॉइंड यांनी तिसरी वाट दाखवली: अग्निजन्य खडक दाबला की त्याच्या स्फटिकांतल्या ऑक्सिजनच्या काही जोड्या तुटतात आणि धनभार मोकळे होऊन दूरवर पसरतात. प्रयोगशाळेत ठोकळा दाबून असा प्रवाह त्यांनी मोजलाही आहे.

पण प्रयोगशाळेतला ठोकळा हातभर अंतरावर असतो. भूकंप सुरू होतो तो दहा-पंधरा किलोमीटर खोल. एवढ्या खोलीवरून वेगवान लहरी वर पोहोचतच नाहीत, वाटेतला खडक त्या गिळून टाकतो. वर येऊ शकतात त्या फक्त मंद लहरी, ज्यांचे एक आवर्तन पुरे व्हायला काही सेकंद किंवा मिनिटेसुद्धा लागतात. आणि सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यामुळे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात जे हेलकावे उठतात, तेही याच पट्ट्यातले. त्यात भर रेल्वेची, पंपांची, वीजवाहिन्यांची.

म्हणून कोरालितोसची उसळी पुन्हा तपासली गेली. २००९ साली जेरेमी थॉमस, जेफ्री लव्ह आणि माल्कम जॉन्स्टन यांनी तीच नोंद दूरच्या वेधशाळांच्या नोंदींशेजारी ठेवली. त्यांचा निष्कर्ष असा की ती उसळी जमिनीतून आलेली नव्हती, यंत्रणेतच काही बिघडले असावे. कोरालितोसच्या जवळ, त्याच जातीचे दुसरे यंत्र चालू असते, तर वीस वर्षांचा वाद एका दुपारी मिटला असता. मूस यांनी दोन ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या होत्या, त्याची किंमत इथे कळते.

कॅलिफोर्नियातल्याच सॅन अँड्रियास भ्रंशावरचे पार्कफील्ड हे गाव तर भूकंपाची वाट पाहण्यासाठीच यंत्रांनी वेढलेले होते. २८ सप्टेंबर २००४ रोजी तिथे ६.० तीव्रतेचा धक्का बसला. चुंबकमापक चालू होते, आधी काहीच दिसले नाही. माझ्या लेखी या विषयातली सर्वांत बोलकी नोंद हीच. ग्रीसमध्ये वारोत्सोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून जमिनीत विद्युतअग्रे पुरून भाकिते केली. ती खरी ठरली की योगायोगाने जुळली, यावर शास्त्रज्ञांत कडाक्याचे वाद झाले. जपानच्या २०११च्या महाभूकंपाआधी सुमारे ४० मिनिटे वरच्या वातावरणातले इलेक्ट्रॉन वाढले होते, असे कोसुके हेकी यांनी जीपीएसच्या नोंदींवरून मांडले. तिथेही आक्षेप आलाच, की ही वाढ आकडे मांडण्याच्या पद्धतीतून दिसते.

आपल्याकडे हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसे झोपली असताना, किल्लारीची घरे कोसळली. मृतांचा आकडा दहा हजारांच्या आसपास गेला. हा भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. संकेत खरेच निघत असतील असे धरले, तरी ते टिपायला यंत्र जवळ हवे. किल्लारीत ते कोणी आणि कशासाठी बसवले असते? ‘येत्या ४८ तासांत मोठा भूकंप’ असले निरोप मोबाइलवर फिरवणाऱ्यांनी ही एक अडचण आधी सोडवून दाखवावी.

जिथे भूकंप पुन्हा पुन्हा होतात, तिथे मात्र कान लावून बसण्यात अर्थ आहे. उत्तराखंडात घुत्तू इथे वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या वेधशाळेत २००७ पासून चुंबकीय लहरी, रेडॉन वायू, गुरुत्व आणि भूजल अशी मोजणी एकत्र चालते. एका यंत्राने काही सांगितले, तर शेजारच्या यंत्राला लगेच विचारता येते.

आणि कोयना आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या धक्क्याने कोयनानगर उद्ध्वस्त केले, तेव्हापासून धरणाच्या परिसरात लहान धक्के थांबलेले नाहीत. ते एका छोट्या टापूतच होतात आणि फार खोलही नसतात. त्याच परिसरात गोठणे इथे या धक्क्यांच्या अभ्यासासाठी २०१७ साली तीन किलोमीटरचे वेधनछिद्र पुरे झाले. तिथे सह्याद्रीचा काळा बेसाल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास संपतो. त्याच्या खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागतो, ज्यात गारगोटी भरलेली आहे.