भिंतींचें भूमितिज्ञान

रात्रीं एकाएकीं जाग आली असतां दार उजवीकडे कीं डावीकडे, हें क्षणभर उमगत नाहीं, असा अनुभव आपणांपैकीं बहुतेकांस असेल. मग आपण चांचपडत भिंत गांठतों आणि तिचा स्पर्श होतांच सारी खोली मनांत पूर्ववत् उभी राहते. भिंतींची ठेवण दिशाज्ञानास किती साह्य करिते, हें यावरून ध्यानीं येईल.

ह्याविषयींचा एक मनोरंजक प्रयोग केन चेंग ह्या शास्त्रज्ञानें १९८६ सालीं प्रसिद्ध केला. आयताकृति पेटीच्या एका कोपऱ्यांतील खाद्य उंदरास दाखवून त्यास बाहेर काढलें, त्याची दिशाभूल केली व पुनः तशाच पेटींत सोडलें. उंदीर खऱ्या कोपऱ्यांत गेला. परंतु जवळजवळ तितक्याच वेळां तो कर्णाच्या दुसऱ्या टोंकासही जाऊन उकरूं लागला! असें कां व्हावें? वाचकांनीं कागदावर आयत काढून पाहावा. एका कोपऱ्याकडे तोंड केलें असतां लांब भिंत डावीकडे येत असेल, तर समोरच्या कोपऱ्यांतही ती डावीकडेच येते. उरलेल्या दोहोंत मात्र उजवीकडे. कोपऱ्याकोपऱ्यांस निरनिराळ्या खुणा व वास असूनही उंदीर भिंतींच्या लांबीवर व डाव्या-उजव्यावरच विसंबला.

१९९४ सालीं हर्मर व स्पेल्की ह्या विदुषींनीं दीड-दोन वर्षांच्या मुलांवर असाच प्रयोग केला. लहानशा खोलींत खेळणें लपवून, मुलांचे डोळे झांकून त्यांस गरगर फिरविलें. एक भिंत निळी असूनही मुलें ते दोन्ही कोपरे सारखेच धुंडाळीत. मोठीं माणसें मात्र रंगावरून अचूक कोपरा गांठीत. खोली मोठी असल्यास मुलेंही रंगाचा आधार घेतात, असें मागाहून दिसून आलें.

ह्या ज्ञानाचें स्थान मेंदूंत आहे. उंदीर विशिष्ट जागीं येतांच 'हिपोकॅम्पस' ह्या भागांतील विशिष्ट पेशी चेततात, हें जॉन ओकीफ व त्यांच्या सहकाऱ्यानें १९७१ सालीं दाखविलें. शेजारच्या भागांत, जणूं जमिनीवर त्रिकोणांची जाळी आंखावी अशा रीतीनें चेतणाऱ्या पेशी मे-ब्रिट व एडवर्ड मोझर ह्यांच्या मंडळींस २००५ सालीं आढळल्या. ओकीफ व उभयतां मोझर ह्यांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

अल्झायमर नामक स्मृतिभ्रंशाच्या विकारांत हाच शेजारचा भाग आरंभीं झिजूं लागतो. म्हणून अशा वृद्धांस पुष्कळदां नित्याची वाटही सांपडेनाशी होते. तो त्यांचा हट्ट नव्हे कीं निष्काळजीपणा नव्हे. असा कोणी रस्त्यांत गोंधळून उभा दिसल्यास त्यास हंसूं नये. हात धरून घरीं पोंचवावें.