परसातला कोबा आणि हातापायांची काळजी

पावसाळा सरून जमीन वाळली, की घरोघरी लहानसहान बांधकामे निघतात. न्हाणीजवळचा ओटा, परसात बसण्यापुरता कोबा, तुळशीभोवती फरशी. एवढ्याशा कामाला गवंडी येत नाही आणि आला तर मजुरी परवडत नाही. मग घरचीच मंडळी रविवारी घमेले-थापी घेऊन उतरतात. काम फार अवघड नाही. जमीन सपाट करून मुरूम ठोकावा, चारी बाजूंनी फळ्या लावून काँक्रीट ओतावे आणि घराकडून बाहेर थोडा उतार ठेवावा. तथापि अशा कामानंतर दवाखान्याची पायरी चढणारेही दरवर्षी असतात.

सर्वांत फसवे असते ते ओले सिमेंट. ते तीव्र अल्कलीयुक्त असल्याने कातडी भाजते, पण चटका लगेच जाणवत नाही. एक शिक्षक दोन तास गुडघे टेकून कोबा घोटत होते. पॅन्ट मालाने भिजली, थोडी चुणचुण झाली, त्यांनी लक्ष दिले नाही. रात्री आंघोळीला गेल्यावर पाहतात तो दोन्ही गुडघ्यांची कातडी काळपट पडलेली! जखमा भरायला दीड महिना लागला. भाजणे म्हणजे विस्तवानेच, ही समजूत येथे नडते.

म्हणून माल हाताने कालवू नये. रबरी हातमोजे व गमबूट वापरावेत. गुडघ्याखाली फळी घ्यावी. बुटात माल शिरल्यास बूट तत्काळ काढावा. अंगावर कोरडी भुकटी असेल तर आधी झटकावी, भिजलेले कपडे उतरवावेत आणि तो भाग निदान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा. लिंबू, तूप, टूथपेस्ट काहीही लावू नये. सिमेंट किंवा चुना डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून तसेच भरपूर पाण्याने धुवावे व त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. चुन्याने दृष्टी कायमची जाऊ शकते.

दुसरा धोका फळ्यांच्या खिळ्यांचा. खिळा पायात घुसला की लोक गंज पाहतात. वास्तविक धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू मातीत व शेणात असतात आणि जेथे हवा पोचत नाही अशा खोल, अरुंद जखमेत ते वाढतात. त्यामुळे चकचकीत नवा खिळाही तितकाच घातक. जखमेत हळद किंवा माती भरणे म्हणजे जंतूंना घर करून देणे होय. साबण-पाण्याने स्वच्छ धुऊन डॉक्टरांना दाखवावे. दर सहा महिन्यांनी इंजेक्शन घेण्याची मात्र आवश्यकता नाही. पूर्वी सर्व डोस झालेल्यांना दर दहा वर्षांनी एक पुरतो. जखम खोल वा मळकट असून शेवटच्या डोसाला पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा घ्यावा. सरकारी लसीकरणात टी.टी.च्या जागी आता टीडी ही लस दिली जाते. ज्यांनी कधीच डोस घेतले नाहीत (आपल्याकडे वडीलधाऱ्या मंडळींत असे पुष्कळ), त्यांना अशा जखमेनंतर लशीबरोबर आणखी एक इंजेक्शन लागते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. जखमेनंतर काही दिवसांनी जबडा आखडू लागल्यास क्षणभरही न थांबता मोठे रुग्णालय गाठावे.

सिमेंटचे पोते पन्नास किलोचे असते. ते दोघांनी उचलावे, एवढेच येथे पुरे.

काम झाल्यावर कोब्याला निदान आठवडाभर पाणी मारावे लागते. त्यासाठी कडेने आळे बांधून पाणी साठवतात. या स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. आळ्याऐवजी कोब्यावर गोणपाट अंथरून ते दिवसातून तीन-चार वेळा भिजवावे. सिमेंट तेवढेच पक्के होते. कामासाठी भरलेले पिंपही झाकून ठेवावे आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडे करावे.