‘डिलिव्हरी’ झाली का?

नवापुरात कुणी ‘डिलिव्हरी झाली का?’ असं विचारलं, तर विचारणारा दवाखान्याच्या पायरीवर आहे की मोबाइल घेऊन घराच्या दारात, ते आधी बघावं. दोन्हीकडे प्रश्न एकच, उत्तरं मात्र वेगळी! या एका इंग्रजी शब्दाच्या पोटात बऱ्याच गमती आहेत.

मुळात ‘सोडवणं’. लॅटिनमध्ये ‘लिबर’ म्हणजे मोकळा. त्यावरून झालेलं ‘डिलिव्हर’ फ्रेंचमार्गे तेराव्या शतकात इंग्रजीत आलं. पहिला अर्थ सुटका करणं. पण हातातली वस्तू सोडल्याखेरीज दुसऱ्याला देता येते थोडीच? म्हणून ‘सोपवणं’ हाही अर्थ त्याला चिकटला.

बाळ नव्हे, आई. पूर्वीच्या इंग्रजीत बाळंतपणात ‘डिलिव्हर’ व्हायची ती आई. बाळ पोचवलं असा अर्थच नव्हता, बाई सुटली असा होता. आपल्या आज्याही ‘सुटली का गं पोर?’, ‘मोकळी झाली एकदाची’ असंच म्हणतात. लॅटिन न शिकता!

तुरुंगाचीही डिलिव्हरी. इंग्लंडात न्यायाधीश गावोगावी जाऊन तुरुंगातल्या कैद्यांचे खटले निकाली काढत. त्याला ‘जेल डिलिव्हरी’ म्हणत. कुणी घरी जाई, कुणी फासावर. तुरुंग तेवढा रिकामा होई.

सोयरे आणि तोतये. ‘लिबर्टी’ याच घरातली. ‘लिव्हरी’सुद्धा: धन्याने नोकरांना दिलेला पोशाख. आज रेल्वेवेडी मंडळी डब्या-इंजिनांच्या रंगसंगतीला लिव्हरी म्हणतात. ‘लायब्ररी’ मात्र पुस्तकाच्या लॅटिन शब्दातून आली, आणि पोटातल्या ‘लिव्हर’चा तर काडीचाही संबंध नाही.

अर्धं सोपवलेलं स्टेशन. 1 मे 1960 ला मुंबई राज्य दुभंगलं. कायद्याने पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावं गुजरातच्या हवाली झाली. सीमा आली ती थेट नवापूर स्टेशनातून. सुमारे 800 मीटर लांबीच्या स्टेशनाचे 300 मीटर आपल्याकडे, 500 तिकडे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकावर तर मधोमध सीमा. त्यावर दोघं शेजारी बसले, तरी एक नंदुरबार जिल्ह्यात, दुसरा तापी जिल्ह्यात! घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती अशा चार भाषांत. गाडी चुकली तर भाषेचं निमित्त सांगायची सोय नाही.

फलाट ओलांडला, आकडा बदलला. नवापूरचा पिनकोड 425418. सीमेपलीकडे उच्छलला गेलात की तो 3 ने सुरू होतो. पहिला आकडा टपाल विभागाचा आणि शेवटचे तीन ‘डिलिव्हरी’ करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झालेल्या या पद्धतीचे जनक मराठी: श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले बडे अधिकारी आणि संस्कृतचे कवीही. आज जेवण मागवतानाही आपण त्यांचेच सहा आकडे टाइप करतो.

चावी दिली, माल दिला. पोती उचलून देण्याचीही गरज नाही. दोघांचं तसं ठरलं असेल, तर गोदामाची चावी हातावर ठेवली की कायद्याच्या लेखी आतल्या मालाची डिलिव्हरी होऊ शकते. हमालीचा प्रश्न मागाहून.

सगळ्यात रखडलेलं पार्सल. ‘आज येतो, उद्या येतो’ म्हणणाऱ्या कुरिअरवाल्यावर चिडण्याआधी मुंबईची गोष्ट ऐका. 1661 च्या विवाह-करारात पोर्तुगालने मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला देऊ केलं. ताबा घ्यायला आलेले सर अब्राहम शिपमन वाट बघत अंजदीव बेटावर वारले. पोर्तुगीज व्हाइसरॉय काही हात मोकळा करीना. शेवटी 1665 मध्ये ताबा मिळाला. आणि एवढ्या खटपटीने आलेलं पार्सल राजाने 1668 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, वर्षाला दहा पौंड भाड्यावर. आज तेवढ्यात मुंबईत खोलीचं डिपॉझिटही भागणार नाही.