लूप गोल का नसतो?

१८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लोक पैसे मोजून मान दुखवून घेत होते. तिथल्या ‘फ्लिप फ्लॅप रेल्वे’ या रोलर कोस्टरमध्ये माणसाला उलटा करून पुन्हा सुलटा करणारा एक लूप होता. व्यास जेमतेम २५ फूट आणि आकार पूर्ण गोल. सगळा घोटाळा त्या गोलाईतच होता.

पाण्याने भरलेली बादली हात लांब करून जोरात गरगर फिरवली, तर ती डोक्यावर उलटी आली तरी पाणी सांडत नाही. लूपमधला प्रवासीही तसाच टिकतो, पण त्यासाठी माथ्यावर गाडीला किमान वेग हवाच. माथ्यावर एवढा वेग हवा, तर तळाशी तो जवळजवळ सव्वादोनपट असावा लागतो, कारण चढताना गाडी मंदावते. वर्तुळाकार लूपचं गणित मांडलं की तळाशी प्रवाशावर त्याच्या वजनाच्या सहापट दाब येतो. ६० किलोच्या माणसाला क्षणभर आपण ३६० किलोचे झालो, असं वाटणार. बरं, लूप मोठा बांधूनही सुटका नाही. समीकरणातून त्रिज्या उडून जाते आणि सहापट ती सहापटच राहते! शिवाय सपाट रुळावरून गाडी थेट वर्तुळात शिरली की हा दाब एका झटक्यात येतो. मानेला सावरायला वेळच मिळत नाही.

१९०१ मध्ये एडविन प्रेस्कॉटने कोनी आयलंडवरच अंडाकृती लूप बांधला. तो बराच सुसह्य होता, पण एका वेळी मोजकीच माणसं बसत. धंदा जमला नाही आणि लूप कित्येक दशकं अडगळीत गेला.

त्याला परत आणलं पोलादाने. १९५९ मध्ये डिस्नेलँडच्या ‘मॅटरहॉर्न’ या कोस्टरसाठी पोलादी नळ्यांचे रूळ वापरले गेले. लाकडाच्या सांगाड्यावर जे जमत नव्हतं, ते या नळ्या हव्या तशा वाकवून जमू लागलं. मग १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटन उद्यानात ‘रिव्होल्यूशन’ सुरू झालं. ते बांधलं अँटोन श्वार्ट्‌झकोफ यांनी, आणि गणित होतं वेर्नर श्टेंगल या जर्मन अभियंत्याचं. श्टेंगल यांनी वर्तुळ सोडून ‘क्लोथॉइड’ ही वक्ररेषा घेतली. रेल्वे आणि महामार्ग बांधणाऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होती. सरळ रस्त्यावरून वळणात अलगद शिरायचं तर हीच रेषा कामी येते. तिची वक्रता हळूहळू वाढत जाते. त्यामुळे तळाशी, जिथे वेग जास्त, तिथे वळण सैल. आणि माथ्यावर, जिथे वेग कमी, तिथे घट्ट. दाब साधारण चार-पाचपटीच्या आत राहतो आणि चढतोही टप्प्याटप्प्याने. माझ्या मते रोलर कोस्टरच्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध हाच. उंचीचे आणि वेगाचे विक्रम त्याच्यापुढे किरकोळ आहेत.

श्टेंगल यांचा आणखी एक विचार असाच साधा. गाडी कलंडते तेव्हा ती रुळाभोवती फिरवायची नाही, तर प्रवाशाच्या छातीभोवती फिरवायची. मग हृदय जवळजवळ जागेवर राहतं, रूळच त्याच्याभोवती पीळ घेतो आणि डोकं इकडेतिकडे भिरकावलं जात नाही.

बाकी यंत्रणा तशी जुनीच. बहुतेक कोस्टरच्या गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते. चढताना ऐकू येणारी खटखट असते ती गाडीखालच्या खिट्टीची. साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये, म्हणून ही खिट्टी दात्यांवरून एकेक पाऊल पुढे सरकते. त्यानंतर सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. ४० मीटरच्या उतारावरून, घर्षण नाही असं धरलं, तर तळाशी ताशी १०० किलोमीटर वेग मिळतो. पुढे थोडी थोडी ऊर्जा घर्षणात आणि हवेत जाते, म्हणून नंतरची कोणतीही टेकडी पहिलीएवढी उंच नसते. गाडी उडून का जात नाही? कारण चाकं तीन बाजूंनी रुळाला धरून असतात: वरून, कडेने आणि खालून. खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलरने १९१९ मध्ये घेतलं.

ब्रेकची गंमत वेगळी. अनेक आधुनिक कोस्टरमध्ये धातूची पट्टी शक्तिशाली चुंबकांमधून जाते, तिच्यात भोवरी विद्युतप्रवाह तयार होतात आणि तेच गाडीला रोखतात. वीज गेली तरी हा ब्रेक चालतो.

आपल्याकडे खोपोलीजवळ इमॅजिका या उद्यानात ‘नायट्रो’ आहे. स्विस कंपनीच्या या कोस्टरमध्ये पायाखाली फळीही नसते. बसण्याआधी खाली उभं राहून एकदा रुळाचे पीळ नीट पाहून घ्या. आणि बसल्यावर, उलटं होण्याआधी, डोकं मागच्या गादीला घट्ट टेकवून ठेवा. अभियंत्यांनी मानेची एवढी काळजी घेतली आहे, थोडी आपणही घ्यावी.